संध्याकाळची गोळी

“बघा मालनताई, गोळी चालू ठेवली म्हणून काय आभाळ कोसळलं का? थेंब तरी आलाय का रक्ताचा?”

धाकटे डॉक्टर मास्कच्या आत हसत होते. ते डोळ्यांवरून कळत होतं. टेबलावर भोईटे काका चेहऱ्यावर हिरवं कापड घेऊन पडले होते आणि भुवईच्या वरची रुपयाएवढी जागा तेवढी उघडी होती. तिथली काळसर गाठ डॉक्टरांनी कापून बाटलीत टाकली होती, आता टाके चालले होते. माझ्या चिमट्यातला गॉजचा तुकडा जवळजवळ कोरा होता.

“छान कोरडं राहिलंय,” मी म्हटलं.

“मग? तुम्ही उगीच धास्ती घेता.”

कापडाखालून खणखणीत आवाज आला, “बारामतीकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागलेली आहे. आटपा डॉक्टर, प्रवासी खोळंबलेत.”

“काका, कपाळ हलतंय. टाका वाकडा पडेल.”

“पडू दे की. आता काय मला बोहल्यावर चढायचंय?”

काका एसटीत वाहतूक नियंत्रक होते. तीस वर्षं फलटणच्या स्टँडवर त्यांच्याच आवाजात गाड्या लागल्या आणि सुटल्या. रिटायर होऊन नऊ वर्षं झाली तरी तो आवाज काही रिटायर झाला नव्हता. दवाखान्यात आले की दारातूनच माझ्या नावाची घोषणा व्हायची आणि बाकांवरचे पेशंट हसायचे.

तर, गोळी चालू नव्हती. पाच दिवस बंद होती. त्या खोलीत हे दोघांनाच ठाऊक होतं, काकांना आणि मला. बंद करायला मीच सांगितलं होतं, डॉक्टरांच्या अपरोक्ष.

त्या क्षणी मला लाज वगैरे काही वाटली नाही, हे आधी कबूल करते. उलट मनातल्या मनात मी फुगले होते. म्हटलं, हस बाबा, पोरा. तुझी पुस्तकं तुला लखलाभ, दवाखाना कसा चालवायचा ते मला विचार.

*

बारा वर्षं झाली याला. मी मालन रणपिसे, तेव्हा वेळापुऱ्यांच्या दवाखान्यात तेवीस वर्षं सिस्टर होते. त्यातली एकवीस थोरल्या डॉक्टरांच्या हाताखाली. थोरले गेले, आणि त्यांचा मुलगा मिलिंद कातडीच्या रोगांचं मोठं शिक्षण घेऊन गावात आला. याच्या फुटक्या गुडघ्यांना मी आयोडीन लावलेलं, आणि आता त्याला ‘सर’ म्हणायचं. म्हणत होते. तोंडाने.

थोरल्या डॉक्टरांचा नियम दगडावरची रेघ. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ऑपरेशनच्या आधी पाच-सात दिवस बंद, मग ऑपरेशन साध्या चामखिळीचं का असेना. तो निरोप पेशंटला द्यायचं काम माझं. मी दवाखान्याच्या पायरीपर्यंत पेशंटबरोबर जायची आणि तिथे उभं राहून पुन्हा एकदा सांगायची. आमच्याकडे पेशंटला डॉक्टर जे बोलतात ते अर्धं कळतं आणि सिस्टर पायरीवर जे सांगते ते पूर्ण कळतं. मला याचा फार गर्व होता.

धाकट्यांनी आल्या आल्या तो नियम मोडला. मला समोर बसवून समजावलं.

“मालनताई, ही गोळी बंद करायची नाही. कातडीतून रक्त आलं तर आपण दाबून धरू, शिरेला चटका देऊ, एक टाका जास्त घालू. दिसतंय ते थांबवता येतं. पण गोळी बंद असताना रक्ताची गुठळी मेंदूत गेली तर तिथे काय दाबणार? आधी रक्ताची टेस्ट बघायची, ती ठीक असली तर गोळी चालू ठेवूनच करायचं. आणि बंद करायचीच असेल तर त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.”

“पण मोठे डॉक्टर...”

“बाबांच्या वेळी तसंच करायचे सगळे. आता कळलंय ना आपल्याला.”

“बरं,” मी म्हटलं. पण बापाला काही कळत नव्हतं असं मुलगा म्हणतोय, एवढंच मी त्यातून ऐकलं.

त्यात मार्चमध्ये एक प्रकार झाला. डोक्यावरची चरबीची गाठ काढायला एक गृहस्थ आले, गोळी चालू ठेवून. रक्त आलं आणि येतच राहिलं. डॉक्टर शांत होते, चटका दिला, टाके घातले, पण चाळीस मिनिटं दाबून धरायला मी होते. माझी बोटं वळली. त्यांच्या सुनेने पडद्याआडून डोकावून रक्ताचे बोळे बघितले आणि ती धाडकन पडली. बाहेर बाकावर कोणीतरी बोललंच, “मोठ्या डॉक्टरांच्या हातून असं कधी झालं नव्हतं बाई.” त्या माणसाला पुढे काही एक झालं नाही. आठव्या दिवशी टाके काढून घेऊन पेढे देऊन गेला. पण माझ्या कानात ते बाकावरचं वाक्य बसलं.

तेव्हापासून मी पायरीवर माझा कारभार सुरू केला. डॉक्टर आत सांगायचे, गोळी चालू ठेवा. मी बाहेर हळूच सांगायची, पाच दिवस नका घेऊ, आणि आत बोलू नका. ते नवीन आहेत, त्यांना वाईट वाटेल. लोक माझं ऐकायचे. काकांच्या आधी असे अकरा जण झाले. अकराही जण धडधाकट घरी गेले. यात माझी हुशारी काडीची नव्हती, त्यांचं नशीब होतं. मला मात्र ती हुशारी वाटली.

भोईटे काका बारावे.

*

त्यांचे हृदयाचे ठोके बेताल पडायचे, म्हणून ती गोळी होती. रोज संध्याकाळी सहाला एक. सुलोचना काकूंनी ते खातं आपल्याकडे घेतलं होतं. त्यांच्या जुन्या मिसळणाच्या डब्यात सात वाट्या होत्या, तिखट-हळदीचा डबा नवा आल्यावर त्यांनी हा घासून लख्ख केला आणि त्यात गोळ्या ठेवायला लागल्या. एका वारी एक वाटी, एका वाटीत एक गोळी. सहा वाजले की काकू ती तळहातावर घेऊन समोर उभ्या. हे आम्हाला माहीत होतं, कारण काका त्याची सुद्धा घोषणा करायचे.

गाठ दाखवायला दोघं आली तेव्हा डॉक्टरांनी रक्ताची टेस्ट बघितली. ठीक होती. गाठ कॅन्सरची होती, पण गरीब जातीची, काढली की संपली. पुढच्या आठवड्यातला बुधवार ठरला.

“गोळी चालू ठेवायची काका. एक दिवसही चुकवायची नाही,” डॉक्टर म्हणाले.

काकूंचा चेहरा पडला. “अहो पण मी उद्या अकलूजला चाललेय. बहिणीच्या नातवाचं बारसं आहे. मंगळवारी संध्याकाळपर्यंत येते. नको जाऊ का?”

“जा की,” काका म्हणाले. “मी काय कुकुल्लं बाळ आहे? डबा भरून ठेव.”

“माझ्या हातावरून घेता ते वेगळं. एकटे असलात की पेपरात तोंड घालून बसता.”

“जा काकू तुम्ही,” डॉक्टर हसून म्हणाले. “पाच दिवसांचा तर प्रश्न. काका घेतील.”

मी त्यांना पायरीपर्यंत सोडायला गेले. काकू चपला घालून पुढे रिक्षा बघायला गेल्या. मी काकांच्या कोपराला धरलं.

“काका, ती संध्याकाळची गोळी शुक्रवारपासून बंद ठेवा. ऑपरेशन झालं की सुरू करा.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. “आत्ता तर डॉक्टर म्हणाले...”

“ते म्हणतात. रक्त पुसायला मी असते. कपाळाची जागा आहे, डोळ्यात रक्त उतरतं. मी तेवीस वर्षं बघतेय काका. मोठे डॉक्टर असेच करायचे ना?”

“ते व्हय, ते करायचे.”

“मग? आणि काकूंना बोलू नका हं. त्या लगेच डॉक्टरांना फोन लावतील. बरं झालं, त्या नाहीयेत ते.”

हे शेवटचं वाक्य मी बोलले. अगदी सहज. बारा वर्षं ते माझ्या घशात काट्यासारखं आहे.

काकांनी मान डोलावली. “तुम्ही म्हणाल तसं, सिस्टर. गाडी तुमच्या सिग्नलवर.”

बुधवारी टेबलावर घेण्याआधी डॉक्टरांनी विचारलं, “काका, गोळी कालपर्यंत घेतलीत ना?”

काकांनी माझ्याकडे एक नजर टाकली आणि म्हणाले, “घेतली की.” मला सांभाळून घ्यायला ते खोटं बोलले, आणि मी गॉजचे तुकडे मोजत राहिले.

काकू दाराशी उभ्या होत्या. आदल्या संध्याकाळी अकलूजहून दमून आलेल्या. “आल्या आल्या विचारलं मी,” त्या कौतुकाने म्हणाल्या. “म्हणाले, घेतली. शहाण्यासारखे वागले यावेळी.”

*

शनिवारी सकाळी दवाखाना उघडायच्या आधीच फोन आला. काका चहा घेत होते, कप हातातून निसटला, तोंड वाकडं झालं, उजवी बाजू गेली. बारामतीच्या हॉस्पिटलात नेलं. मेंदूत गुठळी.

धाकटे डॉक्टर गाडी काढून बारामतीला गेले आणि मला म्हणाले, चला. मी मागच्या सीटवर बसले. फलटण ते बारामती रस्ताभर डॉक्टर आपल्याशीच बोलल्यासारखे बोलत होते. “टेस्ट आठ दिवसांपूर्वीची होती. मी आदल्या दिवशी परत करायला हवी होती. पण गोळी चालू असताना असं कसं झालं?” मी खिडकीबाहेर उसाच्या गाड्या बघत होते.

तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, रक्त अजिबात पातळ नाही, मध्ये बरेच दिवस गोळी पोटात गेलेली नाही. डबा मंगळवारपर्यंतचाच भरलेला होता, म्हणून बुधवारपासून काकू पाकिटातली गोळी काढून हातावर देत होत्या, पण तिचा असर यायला चार-पाच दिवस लागतात.

“असं कसं?” काकू म्हणाल्या. “मी डबा भरून गेले होते.”

दुसऱ्या दिवशी त्या कपडे आणायला घरी आल्या, तेव्हा त्यांनी फडताळावरचा डबा काढून उघडला. शुक्रवार, शनिवार, रविवार, सोमवार, मंगळवार. पाचही वाट्यांत गोळी जशीच्या तशी. तो डबा पदराखाली धरून त्या आमच्या दवाखान्यात आल्या आणि डॉक्टरांच्या टेबलावर त्यांनी तो उघडा ठेवला.

“विसरले हो,” त्या म्हणाल्या. “मी हातावर ठेवली नाही तर घेत नाहीत, हे मला माहीत होतं. आणि मी बारशाला गेले. पाळणे म्हणत बसले तिथे.”

त्या रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर बरं झालं असतं.

डॉक्टर उठून त्यांच्याजवळ आले. “काकू, जा म्हणून मीच सांगितलं होतं. चूक माझी. मी परत टेस्ट करायला हवी होती.”

दोन माणसं माझ्या समोर उभी राहून माझी चूक आपसात वाटून घेत होती. मी ट्रे धरून उभी होते. बोल, मालन, बोल. आत सारखं तेच चाललं होतं. आणि दुसरीकडे डोकं हिशेब करत होतं, की हे कळलं तर नोकरी जाईल, पोलीस येतील, गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, आणि थोरल्यांचं नाव घेऊन लोक काय काय बोलतील. मी मूग गिळून बसले. बसले कसली, जाऊन काकूंसाठी चहा सांगितला.

तेवढ्यात त्यांची मुलगी वैजयंता आत आली. नाशिकहून आली होती. तिने डबा बघितला, आईकडे बघितलं, आणि ती जे बोलली ते मी माझ्या कानांनी ऐकलं.

“आई, एका बारशासाठी?”

एवढंच. काकूंनी डब्याचं झाकण लावलं.

*

काका जगले, पण वाचा गेली. समजायचं सगळं, नुसती जीभ वळत नव्हती, आणि डाव्या हातात पेन दिलं तरी अक्षरं जुळत नव्हती. ज्या माणसाच्या आवाजावर अख्खा स्टँड हलायचा त्याच्या तोंडून ‘आ... आ...’ एवढंच निघायचं. दोन महिन्यांनी काकू त्यांना व्हीलचेअरवरून आमच्याकडे घेऊन आल्या. कपाळाचा व्रण दाखवायला.

दवाखाना चिडीचूप झाला. बाकावरचे लोक उठून उभे राहिले. मी दार धरलं. काकांनी माझ्याकडे बघितलं आणि नजर हटवलीच नाही.

आत डॉक्टरांनी व्रण तपासला. छान भरला होता, दिसत सुद्धा नव्हता. डॉक्टर म्हणाले, “जेवण जातंय का? झोप?” काकू उत्तरं देत होत्या. मग त्या, दर वेळी देतात तसा, कबुलीजबाब द्यायला लागल्या. “माझंच चुकलं डॉक्टर. मी तेव्हा गेले नसते तर...”

काकांचा डावा हात उठला.

त्यांनी अंगठा आणि पहिलं बोट जुळवून ओठांपाशी नेलं, गोळी तोंडात टाकतात तसं. मग तोच हात हवेत आडवा हलवला. नाही. मग बोट माझ्याकडे केलं. “आ... आ...” मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. पुन्हा बोटं ओठांकडे, पुन्हा नाही, पुन्हा मी. मग तो हात त्यांनी काकूंच्या हातावर ठेवला आणि जोरजोरात मान हलवली. तुझं नाही, तुझं नाही.

मला शब्द न् शब्द कळला. एखाद्याने पाटीवर लिहून दाखवावं इतका स्वच्छ कळला.

“काय हो? काय हवंय?” काकू वाकून विचारत होत्या. “दुखतंय का काही?”

डॉक्टर काकांच्या हाताकडे बघत होते. त्या बोटामागोमाग त्यांनी माझ्याकडे बघितलं. “मालनताई, काय म्हणताहेत ते? तुमच्याकडे बोट करताहेत.”

त्यांच्या बोलण्यात संशय नव्हता. भाबडेपणाने विचारत होते. हीच ती वेळ होती. दार सताड उघडं होतं, मी फक्त पाऊल टाकायचं होतं.

“पाणी मागताहेत,” मी म्हटलं.

“अगं बाई! खरंच की,” काकू म्हणाल्या.

मी पेला भरून आणला. काकांच्या ओठांना लावला. त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. पाणी हनुवटीवरून शर्टावर ओघळलं. मी पेला तसाच धरून ठेवला. ते माझ्याकडे बघत होते. रागाने नव्हे. रागाने बघितलं असतं तर मी कदाचित बोलले असते. हिला झालंय तरी काय, अशा नवलाने बघत होते. मग त्यांनी तोंड उघडलं आणि ते पाणी प्यायले.

*

काका आणखी अडीच वर्षं जगले. मी त्यांच्या घराच्या गल्लीतून जाणं बंद केलं. दवाखान्यात मात्र राहिले, पेन्शनीच्या वयापर्यंत. पायरीवर पुन्हा कोणाला काही सांगितलं नाही. धाकट्या डॉक्टरांनी त्यानंतर अशा प्रत्येक पेशंटची आदल्या दिवशी टेस्ट करायला सुरुवात केली आणि कधीतरी काम संपल्यावर म्हणायचे, “भोईटे काकांच्या बाबतीत मी चुकलो मालनताई.” मी म्हणायची, “जाऊ द्या सर.” आता मी ‘सर’ मनापासून म्हणत होते, पण त्याचा कोणाला काय उपयोग?

रिटायर झाल्यावर मी घरोघरी जाऊन ड्रेसिंग करते. गेल्या महिन्यात निरोप आला, सुलोचना काकूंच्या पायाला जखम झालीय, भरत नाही, मालन सिस्टरच हव्यात. सबबी शोधल्या, सापडल्या नाहीत. गेले.

काकू वाळून गेल्या होत्या. जखम घोट्यापाशी होती. आठ दिवस मी जात होते, मुकाट्याने पट्टी बांधत होते, चहा नको म्हणत होते. नवव्या दिवशी त्यांनी मला बळंच बसवलं.

“वैजूला म्हटलं, मालन सिस्टर येतात,” त्या म्हणाल्या. “फोन करते कधी कधी. येते वर्षातून एकदा, पण मुक्काम करत नाही. सकाळी येते, संध्याकाळच्या गाडीने परत. बाप फार लाडका होता तिचा. बोलत काही नाही, पण मला कळतं ना. जाऊ दे. माझ्या करणीचं आहे.”

मी पट्टीच्या कात्रीशी चाळा करत होते.

“तुमचे मात्र उपकार आहेत माझ्यावर,” काकू म्हणाल्या.

“माझे? कसले?”

“त्यांचं बोलणं मला कळायचं नाही हो. बायको असून कळायचं नाही. त्या दिवशी दवाखान्यात तुम्हाला पटकन कळलं, पाणी मागताहेत ते. मग घरी सुद्धा तसंच करायचे. असं बोट तोंडाशी न्यायचे, हात हलवायचे, मान हलवायचे. दिवसातून दहादा. मी लगेच पाणी द्यायची. अडीच वर्षं. कधी कधी डोळ्यांतून पाणी यायचं त्यांच्या पिताना. शेवटच्या दिवशीही तेच केलं. मी चमच्याने पाणी घातलं. निदान तहानलेले गेले नाहीत, एवढं समाधान आहे बघा मला. ते तुमच्यामुळे.”

मी खाटेची कड धरली. दवाखान्यात मी एकदा एक शब्द खोटा बोलले होते. त्या माणसाने त्यानंतर अडीच वर्षं, दिवसातून दहादा, आपल्या बायकोला सांगायचा प्रयत्न केला, की तुझं चुकलं नाही. आणि दर वेळी त्याच्या हातात पाण्याचा पेला आला.

“काकू,” मी म्हटलं, “ते पाणी मागत नव्हते.”

“मग काय मागत होते?”

मी सांगितलं. पायरीवरून सुरुवात केली. शुक्रवारपासून बंद ठेवा म्हटलं ते, काकूंना बोलू नका म्हटलं ते, बरं झालं त्या नाहीयेत म्हटलं ते. डबा टेबलावर आला तेव्हा मी चहा सांगितला ते. आणि त्यांनी हाताने काय काय सांगितलं ते. मध्ये काही वगळलं नाही आणि स्वतःची बाजू मांडली नाही. बाजू नव्हतीच.

मी वाट बघत होते, कधी एकदा त्या थोबाडीत मारतात. मारायला हवी होती.

“म्हणजे ते विसरले नव्हते?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“मी इथे असते तरी?”

“तुम्ही इथे असता तर मी दुसरी काही युक्ती काढली असती. तुमचा काही संबंध नव्हता काकू. तुम्ही डबा बरोबर भरला होता.”

“परत सांगा,” त्या म्हणाल्या. “हळू सांगा.”

मी परत सांगितलं.

त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा लावला. मला वाटलं, आता म्हणतील, चालती हो. त्यांनी उशीखालचा मोबाइल काढला. डोळ्यांपाशी नेऊन एकेक आकडा बघत नंबर लावला, आवाज मोठा केला आणि फोन माझ्या हातात दिला.

“मला सांगितलंत ना, तसंच्या तसं हिला सांगा,” त्या म्हणाल्या. “मी सांगितलं तर तिला खरं वाटायचं नाही.”

फोन वाजत होता. काकू माझ्याकडे बघत नव्हत्या. त्यांची नजर फोनवर होती, आणि इतकी आस मी कोणाच्या चेहऱ्यावर आजवर बघितली नव्हती.

“हं, बोल आई,” पलीकडून आवाज आला. “लवकर बोल, मी ऑफिसात आहे.”

“वैजयंता,” मी म्हटलं, “मी मालन सिस्टर बोलतेय. तुझ्या आईसमोर बसलेय. पाच मिनिटं बाहेर ये आणि ऐक.”